एक जोडपं, ऐंशी हजार त्रांब्ले: क्वेबेकमधल्या एका फ्रेंच आडनावाचा प्रकरण अभ्यास

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सांख्यिकी संस्थेने २००६ मध्ये प्रांतातल्या आडनावांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला क्रमांक लागला ‘त्रांब्ले’चा. लोकसंख्येच्या सुमारे १.०८ टक्के लोकांचं हे आडनाव. त्या वेळी प्रांताची लोकसंख्या पंचाहत्तर लाखांच्या वर होती, म्हणजे ऐंशी हजारांहून जास्त त्रांब्ले. मागोमाग गान्यों (०.७९), र्‍वा (०.७५), कोते (०.६९) आणि बूशार (०.५३).

शंभरात एक जण, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात पाटील किंवा पवार याहून कितीतरी जास्त निघतील. पण पाटील हे पदावरून पडलेलं आडनाव, ते गावोगाव स्वतंत्रपणे तयार झालं. क्वेबेकमधल्या र्‍वा आडनावाचंही तसंच. त्याचा अर्थ ‘राजा’. फ्रान्समध्ये ते टोपणनाव म्हणून ठिकठिकाणी पडलं आणि ते लावणारी, एकमेकांशी काही नातं नसलेली माणसं वेगवेगळ्या जहाजांनी कॅनडात उतरली. गान्यों मंडळींच्या मुळाशी फ्रान्सच्या पेर्श प्रांतातून आलेले भाऊभाऊ आहेत. त्रांब्ले मात्र सगळे एकाच जोडप्यापाशी जाऊन थांबतात. पिएर त्रांब्ले आणि ओझान आशों, लग्न २ ऑक्टोबर १६५७, क्वेबेक शहर. एकाच मुळाचं आडनाव अनेक मुळांच्या आडनावांना मागे टाकून पहिलं कसं आलं, हे या प्रकरणातलं कोडं.

मूळ गाव

आडनावाची व्युत्पत्ती सरळ आहे. ‘त्रांब्ल’ म्हणजे वाऱ्याच्या झुळुकीनेही पानं थरथरणारं एक झाड, पॉप्लरच्या जातीचं. या झाडांची राई जिथे होती त्या जागेला त्रांब्ले म्हणू लागले. फ्रान्समध्ये या नावाची गावं आजही बरीच आहेत. पॅरिसच्या उत्तर-पूर्वेला, विमानतळाला लागून असलेलं त्रांब्ले-आँ-फ्राँस हे त्यातलं ठळक. अशा एखाद्या वस्तीतला माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला की ‘तो त्रांब्लेचा’ म्हणून ओळखला जाई. पिंपळगावकर किंवा जांभूळकर होण्याचीच ही पद्धत. क्वेबेकमध्ये माँ-त्रांब्लां नावाचा प्रसिद्ध डोंगर आहे, बर्फावरच्या खेळांसाठी तिथे गर्दी असते. त्याचा आणि या घराण्याचा काही संबंध नाही. ते नाव ‘थरथरणारा डोंगर’ या मूलनिवासींच्या कथेवरून आलेलं आहे.

फ्रान्समध्ये आडनाव कागदावर पक्कं होण्याची प्रक्रिया हळूहळू झाली. १५३९ च्या विलेर-कोतरेच्या राजाज्ञेने चर्चना बाप्तिस्म्यांची नोंद ठेवणं सक्तीचं केलं. पुढे लग्न आणि मृत्यूच्या नोंदी आल्या. जन्मनोंदीतलं नाव सोडून दुसरं लावायचं नाही, असा कायदा मात्र थेट फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये झाला. पिएर त्रांब्ले या दोन्हींच्या मधल्या काळातला. आडनाव वडिलांकडून मुलाकडे जाऊ लागलं होतं, त्याचं स्पेलिंग मात्र नोंद करणाऱ्या पाद्र्याच्या मर्जीवर असे.

पिएरचा बाप्तिस्मा १६२६ चा, गाव पेर्शमधलं रांदोने. पेर्श हा पॅरिसच्या पश्चिमेचा जुना छोटा प्रांत, आज त्याचा हा भाग ओर्न जिल्ह्यात येतो. वडील फिलिबेर, आई जान कोन्ये. या कोपऱ्यातून इतकी माणसं कॅनडात का गेली, याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. पेर्शमधल्या मोर्तान्यच्या बाजूचा वैद्य रोबेर जिफार याला १६३४ मध्ये क्वेबेकजवळ बोपोरची जहागीर मिळाली. जमीन मिळाली, पण कसायला माणसं हवीत. त्याने ती आपल्या ओळखीच्या मुलखातून उचलली. पाठोपाठ त्याच मुलखातल्या तुरूव्रच्या ज्युशरो बंधूंनी भरती चालवली. करार साधारण तीन वर्षांचा असे, त्यामुळे या गड्यांना ‘छत्तीस महिनेवाले’ म्हणत. येण्याचं भाडं मालकाचं, वर थोडा पगार, मुदत संपली की परत जा किंवा राहा. बरेचसे परत गेले. १६४७ मध्ये आलेला पिएर राहिला.

राहिला, पण लग्नाला दहा वर्षं लागली. त्याच्यात काही खोट होती असं नाही, वसाहतीत लग्नाच्या मुलीच नव्हत्या. राजाच्या खर्चाने सुमारे आठशे मुली पाठवल्या गेल्या त्या १६६३ ते १६७३ या काळात. ओझान त्याआधीच आलेली, ला रोशेलजवळच्या ओनीस प्रांतातली. घराण्याच्या कथा सांगताना हिचं नाव बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यात येतं. मूळ पुरुष म्हटलं की तो एकटाच मुळाशी असल्यासारखं बोलायची आपल्यालाही सवय आहेच.

दोघं क्वेबेक शहराच्या खालच्या अंगाला, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी लांज-गार्दियाँ इथे वसली. बारा मुलं झाली. मुलग्यांपैकी चौघांची लग्नं होऊन संसार वाढले: पिएर, मिशेल, जाक आणि लुई. आजचे सगळे त्रांब्ले या चौघांपैकी कुणातरी एकाच्या शाखेतले.

वंशज वेगळे, आडनाव वेगळं

इथे एक गफलत टाळायला हवी. ‘सर्वांत जास्त वंशज’ आणि ‘सर्वांत मोठं आडनाव’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माँट्रियल विद्यापीठात १९६६ पासून ऐतिहासिक लोकसंख्येवर काम करणारा एक मोठा प्रकल्प आहे. त्यांनी जुन्या चर्चच्या नोंदी जोडून कुटुंबंच्या कुटुंबं उभी केली. त्यांच्या गणतीत १८०० पर्यंत सर्वाधिक विवाहित वंशज निघाले झाकारी क्लूतिए या सुताराचे, दहा हजारांहून अधिक. तोही पेर्शचाच, जिफारच्या पहिल्या तुकडीतला. तरी क्लूतिए आडनाव पहिल्या पाचात नाही. कारण त्याचा वंश मुलींकडूनही पसरला आणि मुली सासरी गेल्या की त्यांच्या मुलांना आडनाव जावयाचं. आडनाव म्हणजे वंशवृक्षातली एकच फांदी: बापाकडून मुलग्याकडे, तिथून नातवाकडे. त्या वाटेवर एका पिढीत मुलगा झाला नाही, की वंश शिल्लक असूनही नाव संपलं.

नावं अशी संपतात कशी, याचं गणित पहिल्यांदा मांडलं ते फ्रेंच गणिती बिएनेमे याने, १८४५ मध्ये. त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८७३ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टनने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि हेन्री वॉटसन या पाद्री-गणित्याने उत्तर दिलं की सगळीच आडनावं अखेर नष्ट होणार. उत्तर चुकीचं होतं. समीकरणाला दोन उत्तरं निघतात, वॉटसनने एकच पाहिलं. दर पुरुषामागे पुढची पिढी चालवणारे मुलगे सरासरी एकाहून जास्त असतील, तर नाव टिकण्याची शक्यता शून्य राहत नाही. पहिल्या दोन-तीन पिढ्या तगून गेलं की मग ते बुडणं अवघड होत जातं.

त्रांब्लेंच्या चार मुलग्यांचं महत्त्व इथे आहे. समजा एका मुलाची शाखा पुढे संपण्याची शक्यता निम्मी आहे. मग चारही शाखा संपण्याची शक्यता सोळात एक. पिएर-ओझानचं नाव पहिल्याच उडीत सुरक्षित झालं. त्यांच्याबरोबर आलेल्या कित्येकांना मुलीच झाल्या, किंवा एकुलता मुलगा जंगलात फरच्या व्यापारावर गेला तो तिकडचाच झाला.

पण चार मुलगे पुरेसं उत्तर नाही. त्या काळच्या क्वेबेकमध्ये दहा-बारा मुलं ही काही अपवादाची गोष्ट नव्हती. ढोबळ हिशेब करून पाहू. १७०० च्या सुमाराचे चार भाऊ आणि आजचे चाळीस हजार त्रांब्ले पुरुष. आज हयात असलेल्या तीन पिढ्या वेगळ्या काढल्या आणि मधल्या नऊ-दहा पिढ्यांवर वाढ वाटून दिली, तर दर पुरुषामागे नाव पुढे नेणारे मुलगे सरासरी सव्वादोन ते अडीच पडतात. फ्रेंच कॅनडाची एकूण लोकसंख्या १७०० मध्ये सुमारे पंधरा हजार होती. तिच्या आजवरच्या वाढीला हीच पट्टी लावली तर आकडा दोनाच्या आत येतो. म्हणजे त्रांब्ले शेजाऱ्यांपेक्षा दर पिढीला थोडेसे पुढे. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण चक्रवाढीने दहा पिढ्यांत तो प्रचंड होतो. तो आला कुठून?

दर वेळी वसाहतीच्या टोकाला

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली जमिनीत आहे. सेंट लॉरेन्सच्या काठची शेतं म्हणजे नदीपासून आत जाणाऱ्या लांबच लांब अरुंद पट्ट्या. अशी पट्टी चौघांत उभी चिरली तर नांगर वळवायलाही जागा उरायची नाही. एक मुलगा घरच्या शेतावर राही, बाकीच्यांनी नवी जमीन पाहायची. लांज-गार्दियाँच्या खाली नदीच्या उत्तर काठाने डोंगर थेट पाण्यात उतरतात. त्याच्या पलीकडे बे-सँ-पोलची दरी. हा सगळा मुलूख पुढे शार्लव्वा म्हणून ओळखला गेला. थोरला मुलगा पिएर तिकडे सरकला आणि १७१० मध्ये लेझेबूलमाँची जहागीर त्याच्याकडे आली. १६६३ च्या भूकंपात तिथे दरडी कोसळल्या होत्या आणि गावाचं नावही त्यावरूनच पडलं. छत्तीस महिन्यांच्या गड्याचा मुलगा जहागीरदार झाला, तो अशा जमिनीवर की जिच्यासाठी फारशी स्पर्धा नव्हती.

शार्लव्वा शंभर वर्षं जवळजवळ बंद खोऱ्यासारखं राहिलं. रस्ते नाहीत, बाहेरून नवी कुटुंबं फार थोडी, आणि आतली भराभर वाढणारी. पहिल्यांदा आलेल्यांचा वाटा अशा ठिकाणी फुगत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलीही जमीन संपली. उत्तरेला सागने नदीचं खोरं होतं, पण तो राजाचा राखीव व्यापारी मुलूख. भाड्याने घेतला होता हडसन्स बे कंपनीने, आणि तिथे शेती करायला बंदी होती.

१८३७ मध्ये शार्लव्वातल्या ला मालबे गावात एकवीस जणांनी भागीदारी केली. इतिहासात ती ‘एकविसांची मंडळी’ म्हणून ओळखली जाते. कागदोपत्री काम पाइनची झाडं तोडण्याचं, पाठीशी लाकडाचा बडा व्यापारी विल्यम प्राइस, पण मनात शेतीच. पुढारी होता अलेक्सी त्रांब्ले, ‘पिकोते’ या टोपणनावाने प्रसिद्ध. पिकोते म्हणजे देवीचे व्रण असलेला. ११ जून १८३८ रोजी ही माणसं सागने खोऱ्यातल्या ग्रांद-बेला उतरली. लाकूडतोडीच्या नावाखाली घरं उभी राहिली, बटाटे लावले गेले. १८४२ मध्ये सरकारला वस्तीची परवानगी द्यावीच लागली. सागने आणि लाक-सँ-जाँ भागात पहिल्या तीस वर्षांत जे आले त्यातले बहुसंख्य शार्लव्वाचे होते, आणि शार्लव्वाचे म्हणजे त्यात त्रांब्ले आलेच.

तीन वेळा हेच घडलेलं दिसतं. फ्रान्समधून क्वेबेकला मोजके लोक, तिथून शार्लव्वाला त्यातले मोजके, तिथून सागनेला पुन्हा मोजके. प्रत्येक गाळणीत त्रांब्ले होते आणि प्रत्येक वेळी पलीकडे मोकळी जमीन होती. २०११ मध्ये याच मुलखाच्या वंशावळींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वस्तीच्या सरकत्या कडेवर राहणाऱ्या बायकांची लग्नं जुन्या गावांतल्या बायकांपेक्षा सुमारे वर्षभर आधी होत आणि त्यांना मुलं जास्त होत. कारण साधं आहे, जमीन मिळाली की तरुणाला लग्नासाठी थांबावं लागत नाही. आपल्या हिशेबातला तो ‘थोडासा पुढे’ इथून येतो. त्रांब्लेंच्या रक्तात काही विशेष होतं असं मानायची गरज नाही.

सगळेच त्रांब्ले असले की

रोजच्या व्यवहारात याची मजा आणि अडचण दोन्ही होती. कॅथलिक रिवाजाप्रमाणे जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावात जोझेफ आणि मुलीच्या नावात मारी. म्हणजे एका गावात जोझेफ त्रांब्ले किती, याला गणतीच नाही. लोकांनी मग आपली सोय लावली. ‘जो, आर्थरचा, पितचा’ अशी बाप-आजोबांची नावं ओवून माणूस ओळखायचा. किंवा पिकोतेसारखं टोपणनाव, ते कधीकधी पुढच्या पिढ्यांनाही चिकटे. आडनाव इतकं पसरलं की त्याने आडनावाचं काम करणंच सोडलं.

संशोधकांचीही तीच पंचाईत. सागने भागातल्या शिकुतिमीच्या विद्यापीठात इतिहासकार जेरार बूशार यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बालसाक नावाचा नोंदींचा संगणकीय संग्रह सुरू केला. जन्म, लग्न, मृत्यूचे लाखो दाखले एकमेकांना जोडायचे, तेही अशा भागात जिथे नावं वीस-पंचवीसच फिरून फिरून येतात. वाचवलं ते पाद्र्यांच्या एका सवयीने. क्वेबेकच्या चर्चच्या दाखल्यात लग्न झालेल्या बाईचं नाव माहेरच्या आडनावासह लिहीत. बाप्तिस्म्याच्या एका ओळीत मूल, बाप, आईचं माहेर, धर्मपिता, धर्ममाता एवढं सगळं सापडतं. नवरा-बायको ही जोडी धरून शोधलं की जोझेफ त्रांब्ले आणि मारी गान्यों वेगळे, जोझेफ त्रांब्ले आणि मारी बूशार वेगळे. खरा घोळ होतो दोघंही त्रांब्ले निघाले की. मग दोन्हीकडच्या आईबापांपर्यंत जावं लागतं.

दोघंही त्रांब्ले असलेल्या जोडप्यांवरून बाहेरच्यांचा एक समज झाला आहे की हे लोक आपापसात लग्नं करतात. बालसाकच्या कामाने तो खोडून काढला. सागनेत चुलत-आते-मामे भावंडांतली जवळची लग्नं बाकीच्या क्वेबेकपेक्षा काही जास्त नव्हती. चर्चची मनाई होती आणि सूट मागावी लागे. जास्त होतं ते दूरचं नातं: सहा-सात पिढ्यांमागे एकच पूर्वज, तोही अनेक वाटांनी.

याचा परिणाम वैद्यकात दिसतो. टायरोसिनेमिया हा यकृत बिघडवणारा आजार जगात फार दुर्मीळ आहे. सागने-लाक-सँ-जाँमध्ये साधारण विसात एक जण त्याच्या जनुकाचा वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण मुलांना ते जनुक देऊ शकतो) आणि जन्मणाऱ्या सुमारे १,८५० बाळांत एकाला तो होतो. क्वेबेकमध्ये नवजात बाळांची त्यासाठीची तपासणी १९७० पासून आहे. १९९० च्या दशकात औषध मिळू लागलं आणि पूर्वी दगावणारी मुलं मोठी होऊ लागली. चालण्याचा तोल जाणाऱ्या आणखी एका आजाराला तर वैद्यकात शार्लव्वा-सागनेचंच नाव आहे, त्याचं वर्णन १९७८ मध्ये झालं. २०१० पासून या भागात अशा चार आजारांच्या वाहकांची मोफत चाचणी सुरू झाली. साधारण पाचातला एक जण चारपैकी कशाचा तरी वाहक निघतो.

इथे आडनावाचा काही उपयोग नाही, हे ठासून सांगायला हवं. त्रांब्ले आहे म्हणून धोका जास्त, असं डॉक्टर धरत नाहीत. ते विचारतात आजी-आजोबा कुठले. पिएर त्रांब्लेकडून आजच्या त्रांब्लेपर्यंत सलग आलेली गोष्ट म्हणजे नाव आणि त्याच वाटेने चालणारा वाय गुणसूत्राचा तुकडा, बस. उरलेला सगळा वारसा त्याच मुलखातल्या इतर शेकडो पूर्वजांकडून आलेला, आणि तो शेजारच्या बूशारांत किंवा सिमारांत तितकाच आहे.

बाहेर आणि पुढे

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख लोक क्वेबेक सोडून अमेरिकेत गेले, बहुतेक न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत. त्यांच्यातल्या त्रांब्लेंचे ट्रॉम्बली आणि ट्रेंबली झाले. व्हरमाँट आणि मिशिगनमध्ये ही आडनावं आजही भेटतात, आणि क्वेबेकच्या टक्केवारीत हे लोक धरलेले नसतात. खुद्द फ्रान्समध्ये त्रांब्ले हे फारसं न आढळणारं आडनाव आहे. पेर्शमधल्या तुरूव्रला कॅनडाच्या स्थलांतरावरचं संग्रहालय आहे. तिथे आपली मुळं शोधत येणाऱ्या क्वेबेकवाल्यांत त्रांब्ले असतात, यजमानांत क्वचित.

इकडे २००० च्या दशकात माँट्रियलचा महापौर जेराल त्रांब्ले आणि सागने शहराचा महापौर जाँ त्रांब्ले असे एकाच वेळी होते. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

नावाची साडेतीनशे वर्षांची वाट बदलली ती एप्रिल १९८१ मध्ये. नव्या कायद्याने लग्नानंतरही बायकोचं कायदेशीर आडनाव माहेरचंच राहणार असं ठरलं, आणि मुलाला आईचं, बापाचं किंवा दोघांचं आडनाव देता येऊ लागलं. त्रांब्ले-गान्यों, बूशार-त्रांब्ले अशी जोडनावं शाळांच्या हजेरीपटावर दिसू लागली. १९९० च्या दशकात ही लाट शिगेला पोचली, नंतर ओसरली. आजही बहुतेक मुलांना बापाचं एकट्याचंच नाव मिळतं. मात्र जोडनावात जास्तीत जास्त दोन भाग चालतात, त्यामुळे त्या पिढीतली जोडनावाची मुलं स्वतः आईबाप झाली की चार आडनावांतून दोनच पुढे पाठवू शकतात. क्लूतिएच्या लेकींना जे करता आलं नाही, म्हणजे स्वतःचं आडनाव मुलाला देणं, ते त्रांब्लेंच्या लेकी आता करू शकतात. आणि बाप त्रांब्ले असूनही मुलाचं आडनाव वेगळं असू शकतं. यापुढे या आडनावाची संख्या मोजताना नुसते मुलगे मोजून भागणार नाही.